विहारातली तारा

बुद्धपौर्णिमेपासून आमच्या तालुक्यातल्या बौद्धवाड्यांत एक वाद धुमसतो आहे. सुट्टीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने नेपाळच्या ललितपूरहून हरित तारेची, म्हणजे नेपाळ-तिबेटच्या बौद्ध परंपरेतल्या करुणेच्या स्त्री-बोधिसत्त्वाची, हातभर उंचीची तांब्याची मूर्ती आणली आणि वाडीच्या विहाराला दान द्यायची तयारी दाखवली. बैठक बसली. एक बाजू म्हणाली, ही देवी आहे, आणि बौद्धांच्या विहारात देवीचं काय काम? दुसरी म्हणाली, देवी कसली, शोभेची वस्तू आहे, राहील एका कोपऱ्यात. तेव्हापासून हीच दोन वाक्यं मोबाइलवरच्या गटांत, लग्नाच्या मांडवात आणि एसटीच्या थांब्यावर फिरताहेत. आवाज तेवढा वाढलाय. तारेच्या डाव्या हातात कसलं फूल आहे, उजवा पाय आसनावरून खाली का सोडला आहे, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. ज्या वस्तूवरून भांडायचं ती नीट पाहायचीच नाही, अशी या भांडणाची तऱ्हा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तारा विहारात यावी. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री, वैद्यबुद्ध भैषज्यगुरू यांनीही यावं. वंदनेच्या चौथऱ्यावर मात्र त्यांना जागा नको. तिथे तथागत आणि बाबासाहेब आहेत, तेवढे पुरे. या मूर्ती अभ्यासिकेत ठेवाव्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, खाली माहितीचा फलक लावून. या मताने दोन्ही बाजू नाराज होतील याची कल्पना आहे. ‘देवी नको’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण अर्धंच आहे. ‘शोभेला राहू द्या’ म्हणणाऱ्यांशी पुरं.

अर्धंच, कारण पहिल्या बाजूमागे जे आहे ते हलकं नाही. १९५६ नंतर कोकणातल्या बौद्धवाड्यांत देव्हारे रिकामे झाले. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले टाक फडक्यात बांधून खाडीत, नदीत सोडले गेले. सोडणाऱ्यांना कोपाची भीती वाटली नसेल असं कुणी समजू नये. घरात पोर तापाने फणफणलं की ‘देव सोडलेत, आता भोगा’ म्हणायला शेजारपाजार टपलेला होताच. गावकीची कामं नाकारली, मेलेलं ढोर ओढणं नाकारलं, आणि त्याची किंमत मजुरीत, वाटेत, पाण्यात चुकवली. गाऱ्हाणं, कौल, नवस, मानपान आणि राखणदार यांवर ज्या मुलखातलं वर्ष चालतं, तिथे देवावाचून जगून दाखवायचं होतं, आणि त्यांनी ते दाखवलं. त्या पिढीतली जी माणसं आज हयात आहेत त्यांना विहारात सोनेरी मुखाची, दागिने ल्यालेली बाई बसलेली दिसली, तर ‘पुन्हा सुरू झालं’ असं वाटणार नाही का? वाटणारच. त्यांना अडाणी ठरवून हा वाद जिंकायचा असेल तर तो हरलेला बरा.

काही तरुण यावर बावीस प्रतिज्ञांची पुस्तिका उघडून दाखवतात. प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश आहेत, राम-कृष्ण आहेत, गौरी-गणपती आहेत. तारेचं नाव कुठे आहे? हा वकिली युक्तिवाद आहे आणि मला तो पटत नाही. प्रतिज्ञांचा रोख एका सवयीवर आहे: आपल्या दुःखाचं गाऱ्हाणं कुणापुढे तरी घालायचं, वर मधल्या माणसाला दक्षिणा द्यायची आणि सुटलो म्हणायचं. तारेच्या नावाने ती सवय परत आली तर नाव यादीत नसलं तरी प्रतिज्ञा मोडलीच. पण समोरच्या बाजूचा ‘बौद्धांना मूर्तीच वर्ज्य’ हा दावाही तितकाच पोकळ. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना खुद्द बाबासाहेबांनी केली होती. आणि ‘देवता’ हा शब्द कानावर पडला की विटाळ झाल्यासारखं करणाऱ्यांनी वंदनेचा शेवट आठवावा. ‘भवतु सब्ब मंगलं, रक्खन्तु सब्ब देवता’ ही गाथा अनेक विहारांत रोज म्हटली जाते, आणि ती म्हटल्याने कुणी बौद्ध राहिला नाही असं ऐकिवात नाही.

तेव्हा आधी मूर्तीकडे पाहू. हरित तारेचा डावा पाय आसनावर मुडपलेला आहे. उजवा खाली सोडून एका लहानशा कमळावर टेकवलेला. ध्यानात आहे आणि हाक आली की उठायच्या बेतातही आहे. करुणेला बसून राहणं परवडत नाही, हे घडवणाऱ्याने पायातून सांगितलं. उजवा हात गुडघ्यावरून पुढे आलेला, तळवा बाहेर: वरदमुद्रा, म्हणजे देणारा हात. डाव्या हातात छातीशी धरलेला नीलकमळाचा देठ. भैषज्यगुरूच्या मांडीवरच्या डाव्या हातात औषधाचं पात्र असतं आणि उजव्या हातात हिरड्याची डहाळी. बाळगुटीत हिरडा उगाळणाऱ्या आमच्याकडच्या आज्यांना ही मूर्ती समजावून द्यायला तिबेटी पंडित बोलवावा लागणार नाही. मंजुश्रीच्या उजव्या हातात अज्ञान कापणारी तलवार, डाव्या बाजूच्या कमळावर प्रज्ञापारमितेची पोथी. ज्या समाजाला पोथीला हात लावायची बंदी होती त्याच्या विहारात पोथी आणि तलवार दोन्ही बाळगणारा हा तरुण बसवायला हरकत नेमकी कशाची? अवलोकितेश्वराचा मुकुट पाहून ‘राजा आहे, देव आहे’ म्हणणाऱ्यांनी त्याच मुकुटात जरा वर पाहावं. तिथे अमिताभ बुद्धाची लहानशी ध्यानस्थ प्रतिमा असते. राजाची सगळी भूषणं घालूनही डोक्यावर कोण आहे, ते तिथे ठरलेलं आहे.

तारेविषयी आणखी एक गोष्ट, जी या वादात सर्वांत आधी यायला हवी होती. तारानाथ (१५७५–१६३४) या तिबेटी इतिहासकाराने तारेची पूर्वकथा नोंदवली आहे. ज्ञानचंद्रा नावाची राजकन्या खूप साधना करते. भिक्खू तिला म्हणतात, एवढं पुण्य साठलंय, आता पुढचा जन्म पुरुषाचा माग. ती म्हणते, पुरुषदेहात बोधी मिळवणारे पुष्कळ आहेत, बाईच्या देहात राहून प्राण्यांसाठी झटणारं कुणी फारसं नाही. संसार रिता होईपर्यंत मी बाईच्याच देहात काम करीन. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण आमच्या विहारांत सतरंज्या भरतात बायकांनी आणि माइक असतो पुरुषांच्या हातात. तारेवरून भांडलेली ती बैठकही पुरुषांचीच होती. बायकांना कुणी विचारलं?

आता मुख्य आक्षेप: रूप काहीही असो, तिच्यापुढे हात जोडले की ती देवीच. हे खरं असतं तर वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाच्या, आचार्यांनी आपल्या ग्रंथांत जे लिहिलं ते लिहिलं नसतं. ‘साधनमाला’ हा साधनांचा, म्हणजे देवतांच्या ध्यानविधींचा, मोठा संग्रह गेल्या शतकात बडोद्याहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात तीनशेहून अधिक साधनं आहेत. त्यांचा साधारण क्रम असा: साधक आधी सर्व वस्तूंच्या शून्यतेचं चिंतन करतो, त्या शून्यात एक बीजाक्षर पाहतो, बीजाक्षरातून ती देवता उभी करतो, रंग, हात, आयुधं, आसन यांसकट, आणि तिला आपल्याहून वेगळी न मानता आपणच ती आहोत असं भावन करतो. शेवटी ते रूप पुन्हा शून्यात विरवून टाकतो. नवसाच्या देवीला कुठला भक्त असा विरवतो? मूर्ती ही त्या चिंतनासाठी काढलेली आकृती असते. म्हणूनच तिचे हात मोजलेले असतात, प्रमाणं ठरलेली असतात आणि घडवणाऱ्याला मनाला येईल तसं फूल बदलता येत नाही.

‘असेल, पण ते सगळं तिबेट-नेपाळचं. आपलं नव्हे.’ हा आक्षेप कोकणात उभं राहून घ्यावा याचं मला खरोखर नवल वाटतं. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, सोन्याची फुलं निघाली, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे निघाले आणि सोबत आठ ओतीव मूर्ती: सात मानुषी, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, बुद्ध आणि आठवा मैत्रेय, पुढे येणारा बुद्ध. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या या मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे, ९० क्रमांकाच्या लेण्यात भयांतून सोडवणारा अवलोकितेश्वर. शेजारच्या दोन स्त्रियांना अभ्यासक तारा आणि भृकुटी म्हणून ओळखतात. भोवती छोट्या चौकटींत संकटं कोरली आहेत: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेड्या आणि बुडणारं गलबत. ते गलबत कोरणाऱ्याने कुठला समुद्र पाहिला असेल? (त्याच लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. लेण्यांवर नावं कोरायची खोड जुनी आहे.) आणि दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी, पन्हाळेकाजीची २९ लेणी. म. न. देशपांडे यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. सुरुवातीच्या साध्या स्तूपांनंतर दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयानी आले, अक्षोभ्य हा ध्यानी बुद्ध आला आणि १० क्रमांकाच्या लेण्यात तलवार-पाश घेतलेला महाचंडरोषण आला. वज्रयानात याहून अनवट देवता शोधून काढावी लागेल, आणि ती आमच्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे. ललितपूरहून तारा आणली म्हणून परकं आलं म्हणायचं? ती जिथून गेली त्यांतलं एक ठिकाण हे होतं.

इथे माझ्याच बाजूच्या एका लबाडीला आवर घालायला हवा. ‘ही केवळ प्रतीकं होती, मागणं कुणी मागितलंच नाही’ असं काही अभ्यासू मंडळी सांगतात. ते खोटं आहे. कान्हेरीच्या त्या चौकटींत संकटातली माणसं हात जोडून आहेत आणि बोधिसत्त्व त्यांच्याकडे धावून येतो आहे. वादळात सापडलेला व्यापारी शून्यतेचं चिंतन करत नव्हता. वाचव म्हणत होता. तसंच, आमच्या लेण्यांचा आरंभ मूर्तीवाचून झाला हेही खरं. सुरुवातीच्या चैत्यगृहांत नुसता स्तूप असे. राजपुरीच्या खाडीजवळच्या कुड्याच्या लेण्यांत बुद्धमूर्ती आल्या त्या मूळ खोदकामानंतर काही शतकांनी. ‘मूळ धम्मात हे नव्हतं’ म्हणणारे इतिहासाला धरून बोलतात. मला एवढंच विचारायचं आहे की मूळ तेवढं ठेवायचं ठरवलं तर विहारातली बुद्धमूर्तीही काढावी लागेल. त्याला तयारी आहे का? नसेल तर परंपरा वाढत गेली हे मान्य करा आणि तिच्यातलं काय उचलायचं ते पारखून ठरवा. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या आदल्या दिवशी, नागपुरात पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी हीनयान-महायान या बौद्ध पंथांच्या भेदांत आपल्याला अडकायचं नाही असंच सांगितलं होतं. ज्याला अडकायचं नाही त्याला दोन्हींतलं वाचण्याची मोकळीक असते.

नेपाळी मूर्तींवरचा सर्वांत जड आक्षेप मात्र अजून कुणी घेतलेलाच नाही, म्हणून मीच घेतो. ललितपूरच्या नेवार बौद्धांमध्ये जात आहे. तिथल्या बहालांचा, म्हणजे जुन्या विहारांचा, संघ जन्माने ठरतो. शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतल्या मुलग्यांनाच त्यात प्रवेश. दीक्षा, अभिषेक, गुह्य मंत्र यांचा अधिकार वंशाने चालतो. मूर्ती घडवणारे कारागीरही बरेचसे शाक्य. म्हणजे बुद्धाचं नाव असूनही तिथे पुरोहित उभा राहिला, आणि तोही जातीचा. आंबेडकरी बौद्धाला यापेक्षा मोठी धोक्याची घंटा कोणती हवी? मूर्तीबरोबर तिथले विधी, तिथली प्राणप्रतिष्ठा, तिथला गुरू आणायची भाषा कुणी केली तर मी पहिल्या बाजूबरोबर दारात आडवा उभा राहीन. परंतु ज्या गावात पुरोहित आहे तिथली पोथी वाचायचीच नाही असा नियम आपण कधी केला? बाबासाहेब स्वतः नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, महापरिनिर्वाणाच्या दोनतीन आठवडे आधी, आणि तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना मांडली. जात असलेल्या बौद्धांच्या शहरात जाऊन आपलं बोलून यायला ते कचरले नाहीत. विहारातल्या तारेपाशी नवस बोलला जातोय का, तिच्याजवळ जायला कुणाला अडवलं जातंय का, तिची उस्तवार एकाच घराकडे राहतेय का, एवढ्यावर वाडीने नजर ठेवावी. यांपैकी काही दिसलं तर मूर्ती परत द्यावी, चर्चा न करता.

आता शोभावाले. किनाऱ्यावरच्या कुठल्याही नव्या रिसॉर्टात जा: कारंज्याशेजारी बुद्धाचं नुसतं डोकं, कधी त्यातूनच पाणी सोडलेलं. हे तुटलेलं डोकं शोभेचं कसं झालं याचा विचार कुणी केलाय? आग्नेय आशियातल्या मंदिरांतून, भग्नावशेषांतून मूर्तींची मस्तकं तोडून नेली गेली, कारण धडापेक्षा डोकं नेणं आणि विकणं सोपं. ती संग्राहकांच्या दिवाणखान्यांत गेली आणि तिथून पुढे धडाशिवायचा बुद्ध ही एक फॅशन झाली. चोरीच्या मालाची नक्कल आपण पैसे मोजून अंगणात मांडतो. दुकानाच्या गल्ल्यावरचा पोट सुटलेला ‘लाफिंग बुद्ध’ तर बुद्धही नव्हे. तो चिनी दंतकथांतला बुदाई नावाचा भिक्खू. ‘अहो, शोभेची वस्तू’ हे वाक्य सहिष्णू वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की वस्तूला काही म्हणायचं असेल तर ते आम्हाला ऐकायचं नाही. देवी मानून नाकारणारा निदान तिला गंभीरपणे घेतो.

आणि न वाचलेल्या मूर्तीचं काय होतं ते आपण चांगलं जाणतो. महाराष्ट्रभर कितीतरी बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. देहूरोडच्या त्याच समारंभातल्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, असा दावा मांडला होता. तो दावा मानायचा की नाही हा वेगळा विषय. पण तो मांडायला किंवा खोडायला लागतं काय? मुद्रा, आसन, आयुध, वाहन, मुकुट यांचं ज्ञान. हे ज्ञान ज्या समाजाकडे नाही त्याच्या मूर्तींना दुसरे लोक नावं देतात आणि ती चिकटतात. तुमच्या पाहण्यातल्या किती मुलांना आपल्याच विहारातल्या बुद्धाचा उजवा हात जमिनीला का टेकलाय हे सांगता येतं, हे विचारून पाहा. भूमिस्पर्शमुद्रा: बोधीच्या आड आलेला मार म्हणाला, तुझा साक्षीदार कोण, आणि त्याने जमिनीला हात लावला. ज्यांच्या बापजाद्यांना सातबाऱ्यावर जागा नव्हती त्यांनी ही मुद्रा पाठ नसावी?

उरला पैशांचा मुद्दा, जो बैठकीत सर्वांत मोठ्याने मांडला गेला. त्याच पैशांत मुलांना वह्या आल्या असत्या, हे खरं. पण दान देणाऱ्याने ते वह्यांसाठी दिले नव्हते, आणि हाताने घडवलेल्या मूर्तीचा पैसा कुठे जातो तेही पाहावं. आधी मधमाश्यांच्या मेणात मूर्ती घडते. तिच्यावर माती-शेणाचे, मग भाताच्या तुसाच्या मातीचे थर चढतात. वाळल्यावर तापवून मेण वाहून जातं, त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात आणि थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून तशी दुसरी मूर्ती निघत नाही. मग छिन्नीने बोटं, अलंकार, पापण्या साफ करण्यात आठवडेच्या आठवडे जातात. मुलामा द्यायला सोनं पाऱ्यात कालवून लावतात आणि तापवून पारा उडवतात. तो धूर कारागिराच्या छातीत जातो. मूर्तीच्या सोन्याला नाक मुरडणाऱ्यांनी या धुरावर आवाज उठवला असता तर मी त्यांच्या बाजूला गेलो असतो. उलट रबरी साच्यातली राळेची स्वस्त तारा घ्या. नकलेची नक्कल होता होता सित, म्हणजे श्वेत, तारेच्या तळव्यांवरचे डोळे बुजतात, अवलोकितेश्वराच्या मुकुटातला अमिताभ म्हणजे एक पुळी उरते. वाचायला म्हणून ठेवायची आणि अक्षरंच पुसलेली, अशी ती वस्तू होते. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच का सोपवतात हे ज्याला कळतं, त्याला हा फरक समजावून सांगायला नको.

आणि दान म्हटलं की ते राजाचंच असावं असंही नाही. कुड्याच्या त्याच लेण्यांत शिलालेख आहेत: एक वैद्याच्या घरचा, एक माळ्याचा, एक लोखंडाच्या व्यापाऱ्याचा, काही भिक्खुणींचे. कामकरी माणसांनी गाठीचे पैसे मोडून दगडात काही तरी घडवून घेतलं आणि त्याखाली आपलं नाव घातलं. आमच्या वाडीतला दाता त्यांच्याच रांगेतला, मुंबईत बारा-बारा तास राबून गावाला काही तरी आणणारा.

तेव्हा बैठक पुन्हा बसेल तेव्हा ठराव असा मांडावा: मूर्ती अभ्यासिकेत, तिला हार, अगरबत्ती, मेणबत्ती नाही, फलकाचा मजकूर वाडीतल्या दहावी-बारावीच्या मुलींनी लिहायचा, आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, एका रविवारी सगळ्या वाडीने पन्हाळेकाजीला जाऊन महाचंडरोषण पाहून यायचा, गाडीचा खर्च विहाराच्या पेटीतून. फलकावर दात्याचं नाव घालायला माझी हरकत नाही. कुड्याच्या माळ्यानेही घातलंच होतं. फक्त ते तारेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत नको, आणि संगमरवरावर तर नकोच.